दर्शनी फ्रीजचा सिद्धान्त

दिल्लीत मी तीस-बत्तीस वर्षं लोकांच्या घरांत डोकावण्याची नोकरी केली. चोरांना त्यासाठी शिक्षा होते, मला बढती मिळाली.

पुण्याच्या नातेवाइकांना माझं काम शेवटपर्यंत कळलं नाही. माझे एक मामा दर गणपतीत विचारायचे, "मार्केटिंग शिकवतोस म्हणजे नक्की काय रे? साबण विकायला शिकवतोस?"

मी म्हणायचो, "मामा, विकणारे वेगळे. विकत घेणारा माणूस तो साबण घरी नेऊन त्याचं काय करतो, ते मी बघतो."

"आंघोळ करत असेल," मामा म्हणायचे आणि मोदकाकडे वळायचे.

इथेच तर सगळे फसतात. साड्यांना वास यावा म्हणून कपाटात साबण ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पाहुण्यांसाठी एक वडी वेष्टनासकट बेसिनवर मांडून ठेवणारं आणि स्वतः मात्र कपड्याच्या साबणाचे तुकडे वापरणारं घर मी लक्ष्मीनगरला पाहिलं आहे. एका गृहस्थांनी तर स्कूटरच्या टाकीची गळती साबण चोळून थांबवली होती आणि त्याच स्कूटरवरून ते मला मयूर विहारपासून कॅनॉट प्लेसपर्यंत सोडायला आले. सबंध रस्ताभर मला मोगऱ्याचा वास येत होता आणि डोळ्यांसमोर चिता दिसत होती.

आमच्या विषयाला ग्राहक वर्तन म्हणतात. नाव भारदस्त आहे, काम मात्र चौकस शेजारणीचं. फरक एवढाच की शेजारीण जे पाच मिनिटांत सांगते, ते आम्ही तीन वर्षांनी तक्त्यांसकट सांगतो. मी हे काम करताना इतका चहा प्यायलो आहे की तो सगळा एकदम सोडला असता तर यमुनेला पूर आला असता. पूर्व दिल्लीतला एकही सोफा असा नसेल ज्याला माझी पाठ ओळखीची नाही. ह्या सगळ्या पराक्रमातून मी एक सिद्धान्त काढला, आणि तो एका मुलीने एका प्रश्नात झोपवला. आज ती हकिगत सांगतो. बाकीच्या हकिगती माझ्या मोठेपणाच्या आहेत, त्या मी एरवी न विचारताही सांगत असतो.

नव्वदचं दशक उजाडलं तेव्हाची गोष्ट. परदेशी मालाला दारं उघडली होती. ज्या वस्तूंसाठी पूर्वी नंबर लावून वर्षभर वाट बघायची, त्या वस्तू घेऊन दुकानदार आता आपल्याच दारात उभा राहू लागला. मयूर विहारमध्ये आमची सहकारी सोसायटी होती. सगळे नोकरदार, सगळ्यांची घरं सारखी, आणि बघावं त्या घरात फ्रीज बैठकीच्या खोलीत. नुसता उभा नव्हे, नवरदेवासारखा नटलेला. डोक्यावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर प्लास्टिकची फुलं, फुलांशेजारी टेलिफोन, दाराच्या मुठीला टर्किश टॉवेलचा अंगरखा.

माझ्या डोक्यात वीज चमकली. हा फ्रीज नाही, ही घराची पदवी आहे! दूध-भाज्यांसाठी असता तर स्वयंपाकघरात असता. बैठकीत आहे, कारण तो येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवायचा आहे. मी ह्याला 'दर्शनी फ्रीजचा सिद्धान्त' असं नाव दिलं आणि दर रविवारी सकाळी प्रश्नावली घेऊन घरोघर हिंडू लागलो. रविवारी सकाळी घरातला पुरुष मोकळा सापडतो. त्याला मी विचारायचो, "फ्रिज बैठक में इसलिए रखा है ना, कि आने-जानेवालों की नज़र पड़े?"

तो छाती फुगवून म्हणायचा, "जी, बिल्कुल!"

माझ्या पोतडीत असे 'जी, बिल्कुल' इतके जमले की त्यांच्या जोरावर मी प्राध्यापक झालो. सिंगापूरला ह्या भाषणानंतर लोक उभे राहिले. पुढे जेवण होतं हे खरं, पण ते आधी उभे राहिले. माँट्रियलला पहिल्या रांगेतल्या एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना सर्दी होती, हे मला परतताना कळलं. फ्रीज बनवणाऱ्या एका कंपनीने मला सल्ल्यासाठी बोलावलं. मी म्हटलं, "पांढरा रंग बंद करा. दर्शनी वस्तू पांढरी ठेवायला लोकांची घरं म्हणजे काय दवाखाना आहे?" त्यांनी लालभडक फ्रीज काढला, दारावर फुलं काढली, आणि तो धडाधड खपला. त्या वर्षी दिल्लीत काय खपलं नाही, असं कुणी विचारू शकेल. असल्या क्षुद्र शंका मी तेव्हा मनाला शिवू देत नव्हतो.

अशी आठ-दहा वर्षं गेली, आणि माझ्याकडे रेहाना शेख आली.

रेहाना उदगीरची. दिल्लीला आली होती कलेक्टर व्हायला. आपल्याकडची किती मुलं येतात तशी. करोलबागेच्या बाजूला दाटीवाटीच्या खोलीत राहून तिने मुख्य परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा थोडक्यात राहिली, आणि मग पीएच.डी.ला माझ्यापुढे येऊन बसली. पहिल्याच दिवशी म्हणाली, "सर, मराठीत बोलू का? इंग्रजीत मला भांडता येत नाही."

मी म्हटलं, "आपल्याला भांडायचंय कशाला?"

"लागलं तर, सर."

तिचे वडील वायरमन होते. उदगीरच्या निम्म्या घरांची फिटिंग त्यांच्या हातची, आणि सुट्टीत शिडी धरायला ही. हे तिने मला बोलता बोलता सांगितलं होतं. मी ते ऐकून सोडून दिलं. संशोधनात वायरमनच्या मुलीचा काय उपयोग, असं मला वाटलं. तुम्ही हसा, तुमचा हक्क आहे.

मी तिला विषय दिला तो माझ्याच सिद्धान्ताचं शेपूट होता. तेव्हा गाझियाबादच्या बाजूला नव्या वसाहती उठत होत्या. मयूर विहारसारख्या ठिकाणची माणसं लहान घरं विकून तिकडच्या मोठ्या फ्लॅटमध्ये जात होती. घर वाढलं की दर्शनी फ्रीजही आणखी दिमाखात पुढे येतो, एवढं तिने दाखवायचं होतं. म्हणजे माझ्या देवळावर तिने कळस चढवायचा होता.

तिच्यापुढे एकच वर्ष उरलं होतं. आमच्या संस्थेत लेक्चररची एक जागा जुलैत भरायची होती, पण पदवी हातात असली तरच. नसली तर उदगीरला परत. तिथे एका मुलाकडची मंडळी तिचा फोटो पसंत करून तारखेसाठी थांबली होती. वडिलांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "बेटा, ह्या जुलैपर्यंत मी लोकांना थोपवतो. पुढं माझं कोण ऐकणार?"

दिवाळीच्या आसपासच्या एका रविवारी दुपारी ती आमच्या घरी आली. चौथं प्रकरण घेऊन. सुलभा, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघरात पोहे परतत होती. ती बँकेत अधिकारी, त्यामुळे माझ्या सिद्धान्तांकडे ती कर्ज थकवलेल्या खातेदाराकडे बघावं तशी बघायची. रेहानाने इकडेतिकडे पाहिलं आणि कागद काढायच्या आधी विचारलं, "सर, एक विचारू? तुमचा फ्रीज हॉलमध्ये का आहे?"

"आमचं वेगळं आहे," मी म्हणालो. "आमच्या स्वयंपाकघरात पॉवर पॉइंटच नाही. तिथे आहे तो मिक्सरपुरता बारका. फ्रीजला जाड पिनांचा लागतो ना, तो हॉलमध्ये एकच दिलाय, कूलरसाठी. मग काय करणार? ठेवला इथे."

स्वयंपाकघरातला उलथन्याचा आवाज थांबला. सुलभा हात पुसत दारात आली.

"परत सांगा हो, काय म्हणालात?"

"काय म्हणालो? पॉवर पॉइंट नाही म्हणून..." आणि माझं वाक्य तिथेच उभं राहिलं. अजूनही ते तिथे उभं असेल.

रेहाना मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत होती.

"काय लिहितेस?"

"उत्तर, सर. तुमचंपण घर धरलं."

सुलभा इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. "अहो, आपल्या मजल्यावर सगळ्यांची स्वयंपाकघरं सारखीच आहेत की! सगळ्या सोसायटीची! मग बाकीच्यांचा फ्रीज दाखवायला आणि आपला तेवढा अडचण म्हणून? दहा वर्षं कणीक मळत्या हाताने दूध घ्यायला मी इथवर येतेय. मला मिरवणूक वाटत होती का ही?"

मी अर्थातच हरलो नाही. प्राध्यापक इतक्या लवकर हरत नाहीत. "मग तो रुमाल? ती फुलं? तो टेलिफोन?"

"सर, आता बाहेरच उभा राहणार म्हटल्यावर सजवणार नाहीत का?" रेहाना शांतपणे म्हणाली. "बाहेर आहे म्हणून सजवलाय. सजवायचा म्हणून बाहेर नाही आणला. ज्यांनी ही घरं आखली त्यांनी फ्रीज धरलाच नव्हता. मी घराघरात बोर्ड बघितलेत. गाझियाबादला नव्या किचनमध्ये पॉइंट आहे, फ्रीजची जागापण सोडलीय. तिथं बहुतेकांचा फ्रीज पहिल्याच दिवशी आत गेला. सामान उतरवणाऱ्यांनीच नेऊन ठेवला, कुणी सांगायच्या आधी."

"पण मला सगळ्यांनी 'जी बिल्कुल' सांगितलं होतं!"

"तुम्ही विचारलंतच तसं, सर. पाहुणा दारात येऊन म्हणतो, शानसाठी ठेवलाय ना? नाही कोण म्हणेल? इथं पाहुण्याला चहाला नाही म्हणत नाहीत, उत्तराला कसं म्हणतील?"

ह्या आमच्या धंद्यातली सगळ्यात जुनी चूक हीच. लोक खोटं बोलत नाहीत, लोक आपलं मन राखतात. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हे फळ्यावर लिहून द्यायचो, अधोरेखित करून.

मी विचारलं, "हे सगळं चौथ्या प्रकरणात जाणार?"

"चौथं प्रकरण हेच आहे, सर."

"हे बघ, मुख्य मुद्दा तसाच राहू दे. हे पॉइंटचं तू तळटीपेत घाल."

रेहानाने वही मिटली. "सर, तळटीपेत एवढा मोठा फ्रीज मावणार नाही."

आता जे लिहितो ते सांगताना आवाज जरा खाली येतो. मी ते प्रकरण ठेवून घेतलं. 'वाचतो' म्हणालो. आणि संस्थेतल्या माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये घालून कुलूप लावलं. माझं मोठं पुस्तक तेव्हा प्रकाशकाकडे होतं, त्याचं पहिलंच प्रकरण दर्शनी फ्रीजचं. रेहाना दर सोमवारी यायची, दारात उभी राहायची. "सर, झालं वाचून?" मी कधी मीटिंगमध्ये असायचो, कधी प्रवासात, कधी नुसताच चष्मा शोधत. दिवाळी गेली, थंडी गेली, होळी आली. तिचे जुलैपर्यंतचे महिने मी एकेक करून ड्रॉवरमध्ये टाकत होतो, आणि ते मला माहीत होतं. मला सहसा कशाची लाज वाटत नाही. त्या महिन्यांची वाटते.

शेवटी एका सोमवारी ती आत आली, बसली आणि म्हणाली, "सर, मी चुकले असेन तर चूक दाखवा. बरोबर असेन तर सही करा. पण शोधू नका चष्मा. तो तुमच्या डोळ्यांवर आहे."

माझा स्वाभिमान उसळला. ठीक आहे, म्हटलं, हिला खोटं पाडायचं! "उद्या दुपारी गाझियाबादला जाऊ. घरं मी निवडणार."

दुपारी गेलो, हेच माझं पहिलं शिक्षण. आयुष्यभर मी रविवारी सकाळी पुरुषांशी बोललो होतो. दुपारी दोनला घर निराळंच असतं. बायका चप्पल काढून सोफ्यावर पाय घेऊन बसलेल्या असतात आणि खरं बोलतात. पहिल्या घरी फ्रीज स्वयंपाकघरात. दुसऱ्या घरी स्वयंपाकघरात. तिसऱ्या घरी मी दारातूनच आत मान घातली आणि बाईंनी विचारलं, "भाई साहब, पानी चाहिए क्या?" चौथ्या, पाचव्या, सगळीकडे आत. मला घाम फुटला. मार्च महिना होता हो, उकाडा म्हणावा तर तोही नव्हता.

आणि मग खुराणांचं घर. दार उघडलं, आणि समोर बैठकीत, लालभडक, दारावर फुलं असलेला, माझाच फ्रीज! मी लहान मुलासारखा रेहानाचा दंड धरला. "बघ! बघ! स्वयंपाकघरात पॉइंट आहे ना ह्यांच्या?"

"आहे, सर. इथून दिसतोय. जागापण आहे. तिथं त्यांनी बादली ठेवलीय."

"मग? कशासाठी हा बाहेर? दिमाखासाठी!"

घरात दोघीजणी होत्या. सासू, त्यांना सगळे बीजी म्हणत, पलंगावर पाय सोडून वाटाणे सोलत होत्या. सून नीलम आमच्यासाठी पाणी आणायला गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात रेहाना खाली सतरंजीवर बसली आणि तिनेही वाटाणे सोलायला घेतले. पंधरा मिनिटं ती नुसते वाटाणे सोलत होती. मी इतक्या वर्षांत कुणाचा वाटाणा सोलला नव्हता.

मग ती सहज म्हणाली, "बीजी, रसोई इतनी बड़ी है. फ्रिज अंदर नहीं रखा?"

"ना, पुत्तर. फ्रिज अंदर आया तो उसके साथ सब कुछ अंदर आएगा."

"सब कुछ मतलब?"

बीजींनी सुनेकडे पाहिलं. सुनेने छताकडे पाहिलं.

"मेरे चौके में अंडा नहीं आता," बीजी म्हणाल्या. "मेरे जीते जी नहीं आएगा. बच्चों को डॉक्टर ने बोला है, खाते हैं, खाएँ. बाहर का क्या है, बाहर तो दुनिया आती है."

"तो फ्रिज में अंडे हैं?"

"मुझे क्या पता? मैं तो फ्रिज खोलती ही नहीं."

"और ठंडा पानी, बीजी?"

"वो तो बहू देती है."

नीलमने फ्रीज उघडला. खालच्या खणात वर्तमानपत्राखाली, सभ्य माणसांसारखी मान खाली घालून, अंडी बसली होती. सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं. त्या घरात सासू-सुनेचा तह झाला होता, आणि माझा लालभडक फ्रीज त्या तहाची सीमा होऊन उभा होता. मी ज्याला मिरवणं समजत होतो, ते दोघींना एका छपराखाली नांदवणारं शहाणपण होतं. आत पॉइंट असूनही ज्या मोजक्या घरांनी फ्रीज बाहेर ठेवला होता, त्यांतल्या बहुतेक घरांत असंच काही निघालं. कुठे अंडी, कुठे नवऱ्याचं मटण, कुठे सोवळं. हे सगळं रेहानाने आधीच लिहून ठेवलं होतं. पाचव्या प्रकरणात. चौथंच माझ्याकडे अडकलं होतं, म्हणून पाचवं मी मागितलंही नव्हतं.

परत येताना आम्ही शेअरच्या रिक्षात दाटून बसलो होतो. पुढे मी जे बोललो त्यावर मला ओळखणाऱ्यांचा विश्वास बसणार नाही.

"चौथं प्रकरण उद्या आण," मी म्हणालो. "सही करतो."

"ते तुमच्या ड्रॉवरमध्ये आहे, सर. किल्ली तुमच्याकडेच."

प्रबंध गेला. जूनमध्ये तोंडी परीक्षा लागली. बाहेरचे परीक्षक होते भटनागर साहेब. मोठा माणूस, गोड माणूस, आणि त्यांच्या पाठ्यपुस्तकात एक अख्खं प्रकरण माझ्या दर्शनी फ्रीजवर, माझ्या फोटोसकट. परीक्षेआधी चहाच्या वेळी त्यांनी मला खिडकीशी नेलं.

"टिपनिस साहब, लड़की तेज़ है. लेकिन ये क्या लिख दिया? आपका भी नुकसान, मेरा भी."

मी चहात आणखी एक चमचा साखर घातली.

"मैं ऐसा करता हूँ," ते म्हणाले, "थोड़ा सुधार के लिए वापस भेज देता हूँ. छह महीने की बात है. तब तक आपकी किताब निकल जाएगी, मेरा नया संस्करण भी. फिर आराम से पास कर देंगे. किसी का कुछ नहीं बिगड़ेगा."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. सहा महिन्यांनी जुलै कुठे असेल हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. आणि खोटं कशाला बोलू, एक क्षण तो बेत मला बराही वाटला. त्यात मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं.

आत रेहाना उभी होती, पांढरा सलवार-कमीज, हातात घडी घातलेला रुमाल. भटनागर साहेबांनी दोन-चार प्रश्न विचारले, तिने उत्तरं दिली. इंग्रजीत, आणि चांगली भांडत. मग ते खुर्चीत मागे टेकले. "आप अपने ही गाइड का स्थापित सिद्धान्त काट रही हैं. गाइड साहब इससे सहमत हैं क्या?"

सगळी खोली माझ्याकडे वळली. रेहाना वळली नाही. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती, निकाल आधीच कळलेल्या माणसासारखी.

मी त्या दिवशी ऐतिहासिक भाषण केलं असं मी बऱ्याच ठिकाणी सांगितलं आहे. ह्या दिवाळी अंकात मात्र खरं लिहितो. मी उठताना खुर्ची पाडली आणि इतकंच म्हणालो, "सर, ये सिद्धान्त मेरे अपने घर पर भी लागू नहीं होता. मेरी रसोई में पॉवर पॉइंट नहीं है. मैंने दस साल सबसे पूछा, ख़ुद से नहीं पूछा. लड़की सही है. और छह महीने मैं इसके पहले ही खा चुका हूँ."

कुणीतरी खोकलं. भटनागर साहेब लाल झाले. "तो मेरी किताब का वो चैप्टर?"

"मेरी फ़ोटो समेत निकाल दीजिए."

तेव्हा रेहाना बोलली, अगदी हळू. "सर, आपके यहाँ फ्रिज कहाँ है?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "डाइनिंग में," ते म्हणाले. आणि मग, "पाँच मिनट का ब्रेक लेते हैं." ते बाहेर ऑफिसच्या फोनकडे गेले. पलीकडे भटनागर वहिनी काय म्हणाल्या ते आम्हाला ऐकू आलं नाही. साहेब फोन कानापासून वीतभर दूर धरून उभे होते, एवढं मात्र दारातून दिसलं. परत आले, पेन काढलं आणि सगळ्या कागदांवर सह्या केल्या. शेवटची सही करताना पुटपुटले, "कूलर का पॉइंट है जी. वही एक है."

बाहेर आल्यावर रेहाना व्हरांड्याच्या पायरीवर बसली आणि रडली. मी तिच्याशेजारी बसलो आणि उगाच घड्याळाकडे बघत राहिलो. "माफ कर," एवढंच मला म्हणता आलं. ती म्हणाली, "केलं, सर. पण सोमवार नाही विसरणार मी." तिने विसरू नये, असं मलाही वाटतं.

पुस्तकातून मी ते प्रकरण काढलं. पुस्तक इतकं बारीक झालं की दुकानदार ते कवितांच्या फळीत ठेवायचे. कंपनीला मी पत्र लिहून माझी चूक कळवली. त्यांचं उत्तर आलं की फ्रीज खपतोय, तुम्ही काळजी करू नका.

जुलैत नवी बॅच आली. पहिल्याच तासाला दर्शनी फ्रीज शिकवायचा असा माझा दहा वर्षांचा शिरस्ता. त्या दिवशीही शिकवला, नेहमीच्या थाटात, हातवारे करून, सिंगापूरच्या टाळ्यांसकट. मुलं भराभरा लिहून घेत होती. मग मी म्हणालो, "आता हे सगळं खोडा," आणि तो कसा चुकला ते सांगितलं. पॉइंट, कूलर, वाटाणे, अंडी, सगळं. मागच्या बाकावरून एका मुलाने हात वर केला. दिल्लीचाच पोरगा, अत्यंत व्यवहारी चेहरा.

"सर, बात तो ठीक है. लेकिन एग्ज़ाम में कौन सा लिखना है? आपका वाला या दूसरा वाला?"

मी दाराकडे पाहिलं. तिथे नवी हजेरीवही छातीशी धरून, पुढचा तास आपला आहे म्हणून कुणीतरी उभं होतं.

"डॉक्टर शेख का लिखिए," मी म्हणालो. "पेपर वही जाँचेंगी."